२७ वर्षं चाललेलं बारसं

संयुक्त राष्ट्रांच्या सभागृहात देश इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने बसतात. एप्रिल १९९३ मध्ये एक नवा देश, आजचा उत्तर मॅसेडोनिया, सदस्य झाला आणि त्याला बसवायचं कुठं यावरच गाडी अडली. 'एम' खाली बसवायला ग्रीसचा विरोध, कारण एम म्हणजे मॅसेडोनिया आणि तो शब्द आमचा. मग 'एफ' खाली बसा, फॉर्मर म्हणून, तर त्याला त्या देशाचाच विरोध, कारण 'माजी' ही काय ओळख झाली का. शेवटी 'द फॉर्मर युगोस्लाव्ह रिपब्लिक ऑफ मॅसेडोनिया' या लांबलचक नावातल्या त्या सुरुवातीच्या 'द' वरून 'टी' खाली, थायलंडच्या शेजारी खुर्ची मिळाली. सदस्य झाला, पण बाहेर झेंडा लागला नाही, कारण झेंड्यावरही भांडण होतं.

मला हे प्रकरण आवडतं कारण राष्ट्रीय ओळख, संस्कृती, इतिहास वगैरे शब्द आपण फार हवेत वापरतो आणि इथं त्याचं सगळं मोजमाप जमिनीवर दिसतं, खुर्ची कुठली, गाडीची नंबरप्लेट कशी, पुतळ्याखाली काय लिहायचं. माझं मत सुरुवातीलाच सांगतो म्हणजे पुढं वाचताना तपासता येईल: सगळी जगभर गाजलेली मारामारी प्राचीन मॅसेडोनियाच्या अलेक्झांडर राजावरून झाली, पण दुखणं अलेक्झांडरचं नव्हतंच. ते होतं १९०३ ते १९४५ च्या दरम्यानचं, आणि ग्रीसशी मिटलं तरी बल्गेरियाशी का मिटत नाही याचं उत्तर तिथंच आहे.

आता मागची गोष्ट. ऑटोमन साम्राज्याच्या शेवटी मॅसेडोनिया हा एक प्रदेश होता, देश नाही. तिथं स्लाव्ह भाषा बोलणारे, ग्रीक, अल्बेनियन, तुर्क, ज्यू, व्लाख सगळे एकाच बाजारात. १९१२-१३ च्या बाल्कन युद्धांत तो प्रदेश फाटला आणि ऑगस्ट १९१३ च्या बुखारेस्टच्या तहाने वाटणी झाली, दक्षिणेचा सगळ्यात मोठा तुकडा ग्रीसला, मधला सर्बियाला, पूर्वेकडचा छोटा बल्गेरियाला. सर्बियाकडचा तुकडा पुढं युगोस्लाव्हियात गेला आणि तिथला कम्युनिस्ट नेता टिटोच्या काळात त्याचं वेगळं प्रजासत्ताक झालं. २ ऑगस्ट १९४४ ला त्याची घोषणा झाली, तारीख मुद्दाम निवडलेली, कारण २ ऑगस्ट १९०३ ला ऑटोमनांविरुद्ध इलिंदेनचा उठाव झाला होता आणि क्रुशेवो नावाच्या डोंगरातल्या गावात काही दिवसांचं प्रजासत्ताकही उभं राहिलं होतं. १९४५ मध्ये भाषेची लिपी ठरली, शुद्धलेखनाचे नियम ठरले, शाळेची पुस्तकं आली. म्हणजे एका पिढीत शाळा, वर्तमानपत्र, विद्यापीठ, सगळं 'मॅसेडोनियन' नावाच्या भाषेत. ज्यांचा जन्म १९५० नंतरचा त्यांना तुम्ही सांगा की तुमची ओळख कृत्रिम आहे, ते म्हणणार आईने अंगाई याच भाषेत म्हटली, आता काय करू.

८ सप्टेंबर १९९१ ला सार्वमत झालं, युगोस्लाव्हिया सोडला, आणि तो देश रक्त न सांडता बाहेर पडला, जे त्या वर्षी त्या भागात फार थोड्यांना जमलं. नाव काय ठेवलं? जे होतं तेच, मॅसेडोनियाचं प्रजासत्ताक.

आणि ग्रीस पेटला.

बाहेरून बघणाऱ्याला हा शुद्ध वेडेपणा वाटतो, एका शब्दासाठी एवढं. मला पण आधी तसंच वाटायचं. पण ग्रीसच्या बाजूने जरा बसून बघा. उत्तर ग्रीसच्या प्रांताचं नाव मॅसेडोनिया. १९२३ च्या ग्रीस-तुर्कस्तान लोकसंख्या अदलाबदलीत आशिया मायनरमधून जे लाखो ग्रीक निर्वासित आले त्यातले खूप जण याच प्रांतात वसवले गेले, म्हणजे ज्यांचं घरदार गेलं त्यांना 'तुम्ही आता मॅसेडोनियन' ही ओळख नव्याने मिळाली आणि त्यांनी ती घट्ट धरली. त्यानंतर दुसरं महायुद्ध, मग १९४६ ते ४९ चं ग्रीक यादवी युद्ध, ज्यात उत्तरेतले स्लाव्ह भाषा बोलणारे बरेच लोक कम्युनिस्टांच्या बाजूने लढले, आणि पलीकडून टिटो अखंड मॅसेडोनियाची भाषा करत होता. तर ग्रीसच्या डोक्यात 'मॅसेडोनिया नावाचा शेजारी देश' याचा अर्थ इतिहासाचा वर्ग असा नव्हता, आज नाव घेतलं, उद्या जमीन मागतील, असा होता. १९९१ च्या त्या देशाच्या घटनेत शेजारच्या देशांतल्या मॅसेडोनियन लोकांच्या हक्कांची काळजी घेऊ असं एक कलम होतं, त्याने तर तेल ओतलं. जानेवारी १९९२ मध्ये दुरुस्ती करून लिहिलं गेलं की आमचा कुणाच्याही जमिनीवर दावा नाही. तरी १४ फेब्रुवारी १९९२ ला उत्तर ग्रीसमधल्या थेसालोनिकी शहरात प्रचंड मोर्चा निघाला.

पण याची दुसरी बाजू ग्रीसमध्ये कमी बोलली जाते ती अशी की त्याच प्रांतात १९२६ पासून गावांची स्लाव्ह नावं बदलून ग्रीक केली गेली, आणि १९३६ ते ४१ च्या मेटॅक्सासच्या हुकूमशाहीत स्लाव्ह भाषा चारचौघात बोलण्यावर बंदी होती. आणि एक मजेशीर गोष्ट, ग्रीसमध्ये उत्तर ग्रीस मंत्रालय होतं, त्याचं नाव बदलून मॅसेडोनिया-थ्रेस मंत्रालय केलं ते १९८८ मध्ये. म्हणजे तीन हजार वर्षांपासून हे नाव आमचं म्हणणाऱ्यांनी सरकारी पाटीवर ते लावलं शेजाऱ्याच्या स्वातंत्र्याच्या तीन वर्षं आधी. ओळख अशीच असते म्हणा, कुणी हात घालेपर्यंत आपण पाटी पुसत नाही.

झेंड्याचं सांगतो. १९७७ मध्ये मानोलिस आन्द्रोनिकोस या ग्रीक पुरातत्त्वज्ञाला उत्तर ग्रीसमधल्या व्हर्गिना इथं प्राचीन मॅसेडोनियन राजघराण्याची थडगी सापडली, त्यात सोन्याच्या पेटीवर सोळा किरणांचा सूर्य. १९९२ मध्ये नव्या देशाने तोच सूर्य लाल झेंड्यावर घेतला. आता हे मात्र मला कधीच पटलं नाही, नाव तुमचं होतं, जुनं होतं, त्यावर तुमचा हक्क सांगता येत होता, पण पंधरा वर्षांपूर्वी दुसऱ्याच्या अंगणात उकरलेल्या पेटीवरचं चिन्ह उचलायची काय गरज होती. फेब्रुवारी १९९४ मध्ये ग्रीसने व्यापारबंदी घातली. देशाला समुद्र नाही, माल थेसालोनिकीच्या बंदरातून यायचा, आणि उत्तरेला सर्बियावर संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध, म्हणजे दोन्हीकडून दार बंद. सप्टेंबर १९९५ मध्ये तात्पुरता करार झाला, सूर्य बदलला, बंदी उठली. तो करार वाचण्यासारखा आहे, त्यात दोन्ही देशांना नावाने हाकच मारलेली नाही, 'पहिला पक्ष' आणि 'दुसरा पक्ष'. गावाकडे नवऱ्याचं नाव न घेता 'अहो', 'हे' करत संसार निघतो तसं यांनी राजनय चालवला.

मध्यस्थ होते मॅथ्यू निमेट्झ नावाचे अमेरिकन वकील. आधी अमेरिकेतर्फे आणि १९९९ पासून संयुक्त राष्ट्रांतर्फे, वर्षाला एक डॉलर मानधनावर. नावांच्या याद्या यायच्या जायच्या, वरचा मॅसेडोनिया, नवा मॅसेडोनिया, स्कोप्येचा मॅसेडोनिया (स्कोप्ये ही राजधानी), घोंगडं भिजत पडलं ते पडलंच. दरम्यान शंभरच्या वर देशांनी घटनेतलं नाव सरळ मान्य करून टाकलं होतं, अमेरिकेने २००४ मध्ये.

आता सगळ्यात रंगीत भाग. पहिले राष्ट्राध्यक्ष किरो ग्लिगोरोव्ह उघडपणे म्हणायचे की आम्ही स्लाव्ह, सहाव्या शतकात इथं आलो, अलेक्झांडरशी आमचा वंशाचा संबंध नाही. अलेक्झांडर इसवी सनापूर्वी ३२३ मध्ये गेला, मध्ये नऊशे वर्षं आहेत, त्यात वाद घालण्यासारखं काही नाही. पण २००६ मध्ये निकोला ग्रुएव्स्कींचा पक्ष सत्तेत आला आणि हवा फिरली. स्कोप्येच्या विमानतळाला अलेक्झांडरचं नाव. ग्रीसकडे जाणाऱ्या हायवेला अलेक्झांडरचं नाव, म्हणजे ग्रीक ट्रकवाल्याला रोज वाचायला लागावं. एप्रिल २००८ मध्ये बुखारेस्टच्या परिषदेत ग्रीसने नाटोचं दार अडवलं (२०११ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १५ विरुद्ध १ मतांनी सांगितलं की हे अडवणं १९९५ च्या करारात बसत नव्हतं, पण निकालाने दार काही उघडलं नाही), आणि त्यानंतर तर सरकारने लगामच सोडला. 'स्कोप्ये २०१४' नावाचा प्रकल्प २०१० मध्ये जाहीर झाला. मुख्य चौकात घोड्यावरचा अलेक्झांडर, पायथ्यासकट सात मजली इमारतीएवढा. अधिकृत नाव मात्र 'घोड्यावरचा योद्धा', कारण नाव लिहिलं तर पुन्हा भांडण. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं ही म्हण इतकी शब्दशः मी दुसरीकडे कुठं बघितली नाही, फक्त इथं घोडं पण घरच्यांनीच आणलं. सुरुवातीला खर्च ८ कोटी युरो सांगितला होता, नंतर पत्रकारांनी कागद जोडत जोडत मोजला तर ५० कोटींच्याही बराच वर गेला, अशा देशात जिथं एकूण लोकच २० लाखांच्या आसपास.

२६ जुलै १९६३ ला पहाटे स्कोप्येत भूकंप झाला, हजाराच्या वर माणसं गेली, शहराचा बराचसा भाग पडला. जुन्या रेल्वे स्टेशनच्या भिंतीवरचं घड्याळ ५ वाजून १७ मिनिटांवर थांबलेलं तसंच ठेवलंय. मग जगभरातून मदत आली, केन्झो तांगे या जपानी वास्तुकाराने नव्या शहराचा आराखडा केला, काँक्रीटच्या उघड्याबोडक्या धाडसी इमारती उभ्या राहिल्या. हा खरा, स्वतःचा, ताजा इतिहास होता, लोकांनी जगलेला. 'स्कोप्ये २०१४' ने त्यातल्या कित्येक इमारतींवर प्लास्टरचे खांब आणि कमानी चिकटवून बरोक या जुन्या नक्षीदार युरोपीय शैलीचा मुखवटा चढवला. युरोपात बरोक चालू होतं तेव्हा स्कोप्ये ऑटोमन शहर होतं, तिथं बरोक कधी आलंच नव्हतं. म्हणजे जो इतिहास झाला तो झाकला आणि जो झालाच नाही तो लावला. पुढं २०१६ च्या आंदोलनात लोकांनी त्या पांढऱ्याशुभ्र दर्शनी भागांवर रंगाचे फुगे मारले, 'रंगीत क्रांती' म्हणतात तिला, आणि खरं सांगायचं तर मुखवट्यापेक्षा ते डाग जास्त बरे दिसत होते.

देशात साधारण चौथा हिस्सा अल्बेनियन आहे, २००१ मध्ये त्यांचा आणि सरकारचा सशस्त्र संघर्ष झाला, ऑगस्टमध्ये ओह्रिदच्या कराराने थांबला. त्यांच्या दृष्टीने हा अलेक्झांडर कोण? त्यांचा पुतळा नदीच्या पलीकडे, घोड्यावरचाच, स्कांदरबेग या अल्बेनियन वीराचा. आणि गंमत अशी की स्कांदरबेग म्हणजे इस्कंदर बेग, ऑटोमनांनी दिलेलं नाव, म्हणजे तो पण अलेक्झांडरच, आपण ज्याला सिकंदर म्हणतो तोच. मदर तेरेसाही याच शहरात १९१० मध्ये अल्बेनियन कुटुंबात जन्मल्या, त्यांच्यावरही दोन्हीकडून ओढाताण आहेच.

मग मिटलं कसं? २०१७ मध्ये झोरान झाएव्ह पंतप्रधान झाले, अथेन्समध्ये अलेक्सिस सिप्रास होते, दोघांनाही आपल्याच घरात शिव्या खायची तयारी होती. विमानतळाचं नाव काढलं, हायवेचं नाव 'मैत्री' केलं. १७ जून २०१८ ला प्रेस्पा तलावाच्या काठी प्सारादेस या मच्छीमारांच्या गावात करार झाला, त्या दिवशी निमेट्झ यांचा ७९ वा वाढदिवस होता. नाव उत्तर मॅसेडोनिया, देशाच्या आत आणि बाहेर दोन्हीकडे. पण ग्यानबाची मेख सातव्या कलमात आहे. त्यात लिहिलंय की 'मॅसेडोनिया' आणि 'मॅसेडोनियन' या शब्दांचा अर्थ दोन्ही पक्ष वेगवेगळा घेतात, एकाचा प्राचीन ग्रीक वारशाचा, दुसऱ्याचा स्वतःच्या भाषेचा आणि इतिहासाचा, आणि ती भाषा दक्षिण स्लाव्ह गटातली आहे. म्हणजे कुणी कुणाला आपली गोष्ट सोडायला लावली नाही. देशाचं नाव वेगळं काढलं आणि लोकांची ओळख वेगळी काढली, भाषा मॅसेडोनियनच राहिली. पुतळ्यांखाली नंतर पाट्या लागल्या की हा प्राचीन ग्रीक इतिहासाचा भाग आहे. घोडा तिथंच आहे.

लोकांना आवडलं का? फारसं नाही. ३० सप्टेंबर २०१८ च्या सार्वमतात प्रश्न असा विचारला की ग्रीसबरोबरचा करार स्वीकारून युरोपीय संघ आणि नाटोचं सदस्यत्व तुम्हाला मान्य आहे का, नवीन नावाचा उल्लेखच नाही. आलेल्यांपैकी नव्वद टक्क्यांच्या वर लोक हो म्हणाले, पण आले किती तर ३७ टक्के. खुद्द राष्ट्राध्यक्षांनी बहिष्कार टाकला होता. संसदेत १२० पैकी ८१ मतं मिळाली, ग्रीक संसदेत १५३ विरुद्ध १४६, आणि सिप्रास यांचा सहकारी पक्ष त्याआधीच सरकारमधून बाहेर पडला होता. फेब्रुवारी २०१९ मध्ये नाव बदललं, मार्च २०२० मध्ये नाटोचा तिसावा सदस्य.

सगळ्यांना वाटलं झालं, पेढे वाटा. आणि नोव्हेंबर २०२० मध्ये बल्गेरियाने युरोपीय संघाचं दार अडवलं.

बल्गेरिया हा तोच देश ज्याने जानेवारी १९९२ मध्ये सगळ्यात आधी मान्यता दिली होती, नावाला त्यांचा काही आक्षेप नव्हता. त्यांचं म्हणणं, देश मान्य, पण वेगळी भाषा आणि वेगळं राष्ट्र ही १९४४ नंतर टिटोने घडवलेली गोष्ट, त्याआधी ही सगळी माणसं बल्गेरियनच होती, भाषा आमचीच बोली. थोडक्यात, आम्ही तुमच्या बारशाला जेवलोय. आणि स्कोप्येकडून उत्तर येतं की १९४१ ते ४४ तुमचं सैन्य इथं कब्जा करून होतं, मार्च १९४३ मध्ये इथल्या सात हजारांवर ज्यूंना पकडून ट्रेब्लिंकाच्या नाझी मृत्युछावणीत पाठवलं ते तुमच्याच प्रशासनाने, ते आधी बोला. स्मारकांवर 'बल्गेरियन फॅसिस्ट' लिहायचं की नाही यावर दोन सरकारं भांडतायत.

प्रेस्पाची युक्ती इथं चालत नाही. ग्रीसबरोबर दोन वेगळ्या गोष्टी होत्या आणि त्यांना मिळून एकच शब्द, तर शब्द विभागता आला. बल्गेरियाबरोबर गोष्टच एक आहे, माणसं तीच, गावं तीच, पत्रं तीच. गोत्से देल्चेव्ह घ्या. १८७२ मध्ये कुकुशला जन्म, जे आज ग्रीसमध्ये किल्किस म्हणून आहे. शिक्षण बल्गेरियन शाळांत आणि बल्गेरियाच्या राजधानीत, सोफियाच्या लष्करी शाळेत, शिक्षक झाला ते श्तिपला, आजच्या उत्तर मॅसेडोनियात, ऑटोमनांविरुद्धच्या गुप्त संघटनेचा मोठा नेता, मे १९०३ मध्ये, उठावाच्या तीन महिने आधी मारला गेला. बल्गेरियात त्याच्या नावाचं शहर आहे, उत्तर मॅसेडोनियातही आहे. उत्तर मॅसेडोनियाच्या राष्ट्रगीतात त्याचं नाव येतं, अलेक्झांडरचं नाही. बघा, एवढी वर्षं चौकात घोडा नाचवला आणि गाताना नाव घेतात या शिक्षकाचं. तो स्वतःला काय म्हणवत असेल हे १९०० च्या काळातल्या माणसाला आजच्या पासपोर्टचा प्रश्न विचारण्यासारखं आहे, पण २०१७ च्या मैत्री कराराने नेमलेली दोन्ही देशांच्या इतिहासकारांची समिती वर्षानुवर्षं नेमकी इथंच अडकलीय.

जुलै २०२२ मध्ये फ्रान्सच्या मध्यस्थीने तोडगा आला की उत्तर मॅसेडोनियाने घटनेत बल्गेरियनांचा उल्लेख करावा, जनगणनेत त्यांची संख्या साडेतीन हजारांच्या आसपास. संसदेने तोडगा तत्त्वतः मान्य केला, घटनादुरुस्तीला मात्र दोन तृतीयांश मतं जुळली नाहीत. साडेतीन हजार माणसांना एका ओळीत जागा द्यायला काय जातं असं आपण म्हणू, पण ज्यांनी झेंडा बदलला, नाव बदललं, नोटा बदलल्या, गाडीच्या पाटीवर 'एमके' चं 'एनएमके' केलं आणि प्रत्येक वेळी ऐकलं की बस ही शेवटची अट, त्यांचा आता कशावरच विश्वास नाही. २०२४ मध्ये ग्रुएव्स्कींचाच जुना पक्ष परत जिंकला (स्वतः ग्रुएव्स्की २०१८ मध्येच शिक्षा चुकवून हंगेरीला पळाले) आणि मे महिन्यात नव्या राष्ट्राध्यक्षा शपथ घेताना नुसतं 'मॅसेडोनिया' म्हणाल्या, ग्रीक राजदूत सभागृहातून उठून गेल्या. त्याच वर्षी फेब्रुवारीत जुन्या नावाचे पासपोर्ट बाद झाले होते आणि लोकांनी नव्या पासपोर्टसाठी रांगा लावल्या होत्या, त्या रांगेत नाराज असलेले पण होतेच, कामधंद्यासाठी बाहेर जायचं तर पासपोर्ट लागतो.

गोत्सेचं थडगं स्कोप्येच्या स्वेती स्पास चर्चच्या अंगणात आहे. अस्थी आधी सोफियात होत्या, १९४६ मध्ये कम्युनिस्ट सरकारांनी आपापसात ठरवून इकडे पाठवल्या. ४ फेब्रुवारीला त्याचा वाढदिवस, दोन्हीकडचे लोक फुलं घेऊन येतात. २०२३ मध्ये बल्गेरियातून आलेल्या बऱ्याच जणांना सीमेवरच अडवून ठेवलं आणि चर्चच्या आसपास पोलीस उभे होते.